ट्यूमर मार्करच्या आकड्यावरून पेशंटचं आयुष्य मोजताय? या चुका टाळा

ट्यूमर मार्कर म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ. त्यांचा रिपोर्ट आला की घरातलं कोणीतरी तो आकडा मोबाईलवर टाकून "किती वर्षं जगतात" असं शोधतंच आणि मग रात्रभर कोणाला झोप नाही. कळतं हो, जीव तुटतो आपल्या माणसासाठी. पण त्या आकड्यातून आपण नको तेच वाचतो.

सगळ्यात मोठी घोडचूक मल्टिपल मायलोमात, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कॅन्सरमध्ये होते. तिथे बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या दोन प्रोटीनवरून स्टेज ठरते, पहिलं 5.5 किंवा त्याच्या वर गेलं की स्टेज 3. नेटवर लगेच दिसतं "29 महिने". आता हा आकडा आलाय 2005 साली छापलेल्या अभ्यासातून, म्हणजे त्यातले पेशंट त्याच्याही आधीचे, आज सर्रास देतात त्यातली बरीच औषधं तेव्हा नव्हतीच. शिवाय तो मीडियन आहे, म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले, कोणाची मुदत नाही ती! आणि बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन किडनीतून बाहेर जातं, त्यामुळे किडनी बिघडली तरी वाढतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) किती आहे तेही डॉक्टरांना विचारा.

ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये रक्तातलं सीए-125 हे प्रोटीन बघतात, नॉर्मल साधारण 35 पर्यंत. 48 आलं, शेजारी ठळक एच (हाय, म्हणजे जास्त) छापलेला, की लगेच रडारड. अहो पाळीत वाढतं ते, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं आणि पोटाच्या टीबीत तर कधीकधी शेकड्यांत जातं. उलट नॉर्मल आलं म्हणून निर्धास्तही राहू नका, काही गाठी हे प्रोटीन सोडतच नाहीत.

लॅब सारखी बदलू नका, मशीन आणि किट वेगळं असलं की त्याच रक्ताचा आकडा वेगळा येतो.

आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात सीईए हा त्या कॅन्सरचा मार्कर तपासून घाबरणारेही खूप आहेत. ते खाली यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि केमो सुरू झाल्यावर सुरुवातीला थोडं वर जाऊन मग उतरतं असंही होतं.

आणि डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना दर पंधरा दिवसांनी टेस्ट करत बसू नका. 2010 मध्ये एक मोठी ट्रायल छापून आली, ओव्हरीच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांची. नुसतं सीए-125 वाढलं म्हणून काहींची केमो लगेच सुरू केली, बाकीच्यांची त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाला औषध जवळपास पाच महिने आधी मिळालं तरी आयुष्य वाढलं नाही, उलट त्यांचे बरे दिवस लवकर संपले. आज उपचार बदललेत, त्यामुळे चालू असलेली टेस्ट स्वतःच्या मनाने बंदही करू नका. पुढच्या व्हिजिटला एवढंच विचारा, "हा आकडा वाढला तर तुम्ही ट्रीटमेंटमध्ये नेमकं काय बदलणार?"