दान्तेचा पाचवा सर्ग वाचनमंडळात कसा वाचावा

इटालियन कवी दान्ते (१२६५–१३२१) याच्या ‘दिव्हाइन कॉमेडी’चा पहिला भाग म्हणजे ‘नरक’, आणि त्यात दान्ते स्वतः नरकातून प्रवास करत मृतांना भेटतो. त्यातील पाचवा सर्ग अवघ्या १४२ ओळींचा असल्यामुळे वडोदऱ्यात रावपुऱ्यात किंवा डांडिया बाजारात कोणाच्या घरी भरणाऱ्या वाचनमंडळाच्या एका बैठकीत तो निवांत वाचून होतो. मात्र वाचण्याची रीत आधी ठरवली नाही, तर ‘बिचाऱ्या प्रेमिकांना नरक कशासाठी?’ आणि ‘पाप केले, ते भोगलेच पाहिजे’ या दोन टोकांमध्ये चर्चा हेलकावे खाते आणि कविता बाजूलाच राहते. करुणा आणि न्याय या दोहोंपैकी एकाचीही बाजू घेऊन मोकळे होण्याची सोय दान्तेने ठेवलेली नाही, आणि बैठकीची आखणी हे लक्षात ठेवूनच करावी.

संहितेसाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. अमेरिकन कवी लाँगफेलोचे १८६७ मधील इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर विनामूल्य मिळते. शक्य झाल्यास मूळ इटालियन समोर ठेवावे आणि त्याचे ध्वनिमुद्रण थोडा वेळ ऐकवावे. तीन-तीन ओळींच्या कडव्यांत मधल्या ओळीचे यमक पुढच्या कडव्यात उतरते आणि साखळी कुठेही तुटत नाही, हे अर्थ न कळताही कानाला जाणवते. कवीचा परिचय दोन वाक्यांत आटोपावा. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली तेव्हा दान्ते पंचविशीत होता आणि पुढे त्यानेही विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून आपले महाकाव्य लोकांच्या बोलीत रचले, एवढे सांगितले की मराठी श्रोत्याला काळ आणि हेतू दोन्ही समजतात.

दोन गोष्टी मात्र आधी मुळीच सांगू नयेत. या सर्गात दान्तेला भेटणाऱ्या, इटलीतील राव्हेन्नाच्या पोलेंता घराण्यातील फ्रान्चेस्काचे लग्न सुमारे १२७५ मध्ये रिमिनीच्या जानचोत्तो मालातेस्ताशी झाले आणि पुढे पाओलो या धाकट्या दिरासह ती पतीच्या हातून मारली गेली, इतका इतिहास सुरुवातीला पुरेसा आहे. लग्नाच्या वेळी पाओलोलाच वर म्हणून दाखवून तिला फसवले गेले, ही प्रसिद्ध हकिकत इटालियन लेखक बोकाच्चोने १३७३ च्या सुमारास दिलेल्या व्याख्यानांतून आली आहे आणि दान्तेच्या ओळींत तिचा मागमूसही नाही. ती आधी ऐकलेला श्रोता फ्रान्चेस्काला निर्दोष धरूनच ऐकायला बसतो. पाओलो स्वतः विवाहित आणि मुलाबाळांचा बाप होता, हेही कविता सांगत नाही. दोन्ही गोष्टी चर्चेच्या अखेरीस सांगाव्यात.

सर्गाचा पहिला अर्धा भाग एकाच वाचकाने सलग वाचावा. न्यायाधीश मिनोस आपले शेपूट अंगाभोवती जितके वेळा गुंडाळतो, तितक्या खालच्या वर्तुळात पाप्याची रवानगी होते, आणि कामवासनेच्या पाप्यांना दुसरे वर्तुळ मिळते. खरी शिक्षा तिथून सुरू होते, तेव्हा येथे घाई करू नये. तिथे आग नाही, आसूड नाही. कधीही न थांबणारे वादळ आहे आणि ते जिवांना वर, खाली, इकडे, तिकडे फेकत राहते. त्यांचा अपराध दान्ते एका ओळीत सांगतो: त्यांनी विवेकाला वासनेच्या ताब्यात दिले. हयात असताना ज्याच्या मागे ते स्वतःहून वाहवत गेले, तेच आता त्यांना वाहून नेते आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सदुसष्टावा श्लोक येथे मोठ्याने म्हणावा: भरकटणाऱ्या इंद्रियांमागे जाणारे मन, वारा पाण्यातली नाव ओढून नेतो तसे प्रज्ञेला हिरावून नेते. हा श्लोक कानावर पडल्यावर ‘प्रेमाला एवढी मोठी शिक्षा का?’ हा प्रश्न आपोआप बदलतो आणि श्रोते विचारू लागतात की शिक्षा बाहेरून आली तरी कुठे?

पुढे पक्षी येतात. आधी थंडीतले भोरड्यांचे थवे, मग विलाप करत रांगेने जाणारे क्रौंच, आणि फ्रान्चेस्का-पाओलो पुढे येतात तेव्हा घरट्याकडे झेपावणारी कबुतरे. हिवाळ्यात गुजरातच्या आकाशात संध्याकाळी वळणे घेणारा भोरड्यांचा थवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पहिले चित्र समजावून सांगावे लागत नाही. सेमिरामिस, डिडो, क्लिओपात्रा, हेलन या प्राचीन राण्यांची यादी वाचावी आणि पुढे जावे. प्रत्येकीची कथा सांगत बसल्यास सर्गाचा वेग मोडतो.

दुसऱ्या भागासाठी फ्रान्चेस्काचे शब्द एका वेगळ्या वाचिकेकडे द्यावेत. पाओलोसाठी वाचक नेमू नये, कारण तो शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही, फक्त रडतो. संपूर्ण सर्गात त्याचे नावदेखील येत नाही. १०० ते १०७ या ओळी दोनदा वाचून घ्याव्यात. तीन कडवी ‘प्रेम’ या शब्दानेच सुरू होतात: प्रेमाने याला पकडले, प्रेमाने मला पकडले, प्रेमाने आम्हाला एकाच मरणाकडे नेले. श्रोत्यांना विचारावे की या वाक्यांत कर्ता कोण आहे, आणि ‘मी केले’ असे ती कुठे म्हणते का. मग राजा आर्थरची राणी ग्विनिव्हिअर हिच्या प्रेमात पडलेल्या लॅन्सलॉट या सरदाराची कथा दोघे एकत्र वाचत होते तो प्रसंग घ्यावा. ती म्हणते, पुस्तकातल्या प्रियकराने राणीचे चुंबन घेतले. जुन्या फ्रेंच कथेत मात्र राणीच पुढाकार घेते. शेवटी ती दोष पुस्तकाला आणि ते लिहिणाऱ्याला देते. एवढे दाखवूनही तिला खोटारडी ठरवू देऊ नये. ‘त्या दिवशी आम्ही पुढे वाचले नाही’ ही तिची ओळ खरोखर सुंदर आहे, आणि ती ऐकून दान्ते स्वतः प्रेतासारखा कोसळतो. त्याने तिला नरकात ठेवले आहे आणि तोच तिच्यासाठी मूर्च्छित झाला आहे. मतदान घेऊन यातले एक खोडण्याचा मोह मंडळाने आवरावा.

पुढच्या बैठकीसाठी दोन उतारे नेमावेत. ‘दिव्हाइन कॉमेडी’चा दुसरा भाग असलेल्या ‘शुद्धिलोका’च्या सव्विसाव्या सर्गात हाच दोष असलेले कवी ज्वाळांतून शुद्ध होत आहेत, आणि त्यांत दान्ते ज्याला आपला पिता म्हणतो तो आधीच्या पिढीतला कवी गुइनिझेल्ली आहे; फ्रान्चेस्काचे ‘कोमल हृदयात चटकन पेटणारे प्रेम’ त्याच्याच कवितेच्या वळणाचे आहे. दुसरा उतारा तिसऱ्या भागातल्या, म्हणजे ‘स्वर्गा’च्या नवव्या सर्गातला. अनेक प्रियकरांमुळे गाजलेली कुनिझ्झा ही इटालियन सरदार घराण्यातील स्त्री तिथे शुक्राच्या लोकात भेटते आणि या ग्रहाच्या तेजाने मला जिंकले असे सांगून आपल्या स्वभावाबद्दल स्वतःला आनंदाने क्षमा करते. फ्रान्चेस्का वाचणाऱ्या वाचिकेनेच कुनिझ्झाचेही शब्द वाचावेत, आणि दोन्ही बोलण्यांतला फरक श्रोत्यांनी आधी आवाजात ओळखावा, चर्चा त्यानंतर सुरू करावी.