टॉय पियानो सुरात कसा आणावा

टॉय पियानोत तारा नसतात. धातूच्या जड ठोकळ्यात पोलादी सळया एका टोकाला घट्ट बसवलेल्या असतात आणि दुसरे टोक मोकळे असते. पट्टी दाबली की प्लॅस्टिकची छोटी हातोडी सळईवर आपटते. अल्बर्ट शोनहट यांनी १८७२ मध्ये फिलाडेल्फियात सुरू केलेल्या कंपनीने हे वाद्य घरोघरी पोहोचवले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी त्याच्या फक्त नऊ पांढऱ्या पट्ट्यांसाठी रचना लिहिली, तेव्हा ते मैफलीतही आले. जुना पियानो हाती लागला तर तो नीट वाजता करता येतो. आधी एवढेच बघा की काळ्या पट्ट्या खरोखर दाबल्या जातात की नुसत्या रंगवलेल्या आहेत.

लागणारे सामान: स्क्रू-ड्रायव्हर, बारीक दाण्याची सपाट कानस, कोरडा ब्रश, मऊ शिसपेन्सिल आणि सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) दाखवणारे ट्यूनर ॲप.

१. मागची किंवा तळाची फळी काढा. आतला फोटो घ्या, पट्ट्यांवर पेन्सिलीने क्रमांक टाका आणि धूळ ब्रशने झाडा. तेल अजिबात घालू नका. त्यात धूळ बसते आणि लाकूड फुगते. पावसाळ्यात अडकणाऱ्या लाकडी पट्टीच्या घासणाऱ्या बाजूवर शिसपेन्सिल फिरवली तरी बहुधा काम होते.

२. ठोकळा लाकडी फळीला धरून ठेवणारे स्क्रू घट्ट करा. सळईचा आवाज या फळीतूनच बाहेर येतो. स्क्रू ढिले असले की तो बसका येतो, शिवाय झणझणतो. हे न बघता कानस हातात घेणे म्हणजे चांगली सळई वाया घालवणे.

३. पट्टी पूर्ण दाबून धरा. हातोडी सळईला चिकटून राहता कामा नये, साधारण १ मिलिमीटर फट हवी. चिकटून राहिली तर सूर उमटायच्या आत मरतो आणि नुसते ‘टक्’ ऐकू येते.

४. आता प्रत्येक स्वर मोजून लिहून काढा. खर्जात ॲप फसते. अशा सळईचा पहिला उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारा वरचा स्वर) मूळ स्वराच्या सुमारे ६.२७ पट असतो, म्हणजे तो कुठल्याच सप्तकात नीट बसत नाही. टॉय पियानोचा घंटेसारखा, किंचित तिरका आवाज येतो तो यामुळेच. मोजताना हातोडीऐवजी बोटाच्या मांसल भागाने सळई हलकेच छेडा, उपस्वर दबतात.

यादी पूर्ण झाल्यावर निर्णय घ्या. सगळा संच १५–२० सेंट चढा असेल आणि वाद्य एकटेच वाजवायचे असेल, तर हात लावू नका. शेजाऱ्यांपेक्षा जास्त भरकटलेल्या सळयाच दुरुस्त करा. दहा सेंटांपर्यंतचा फरक या वाद्याला शोभतो. तो घालवायच्या नादात त्याचा स्वभावच जातो.

५. उतरलेला स्वर चढवायला सळईच्या मोकळ्या टोकावर कानस चालवा. पेटीच्या पत्तीचेही असेच असते: टोकाकडे घासली की चढते, मुळाशी घासली की उतरते. सळईची लांबी १ टक्क्याने घटली की कंपनसंख्या सुमारे २ टक्क्यांनी वाढते. १०० मिलिमीटरच्या सळईवर १० सेंटांसाठी जेमतेम ०.३ मिलिमीटर पुरते, आणि ३ मिलिमीटर गेले तर अख्खा अर्धस्वर चढतो. म्हणून दोन-तीन घास मारा, थांबा, मोजा. थांबायचे अशासाठी की घासताना पोलाद तापते आणि तापलेली सळई खाली बोलते. गरम असतानाच सूर जुळवला तर थंड झाल्यावर तो वर गेलेला असतो आणि घासलेले पोलाद परत येत नाही. पडणारा कीस कागदावर झेला, तो हातोड्यांच्या सांध्यात गेला की त्या अडकतात.

६. चढलेला स्वर उतरवायला मुळाशी घासू नका, सळई तिथेच मोडते. त्याऐवजी टोकाला डाखाचा (वितळवून लावायच्या जोडधातूचा) बारीकसा थेंब द्या. वजन वाढले की सूर उतरतो, आणि जास्त उतरला तर थेंबच कानसून घेता येतो. थेंबाऐवजी टोकाला तार गुंडाळायची असेल तर तीही डाखून पक्की करा, ढिली राहिली तर झणझणेल.

७. फळी बसवा आणि स्वरांच्या जोड्या वाजवून ऐका. या वाद्यात आवाज दाबणारी गादी नसल्यामुळे खर्जाचे स्वर एकमेकांवर रेंगाळतात. एकेकटा सुरेल वाटणारा स्वर जोडीत खुपत असेल, तर ॲप बाजूला ठेवून कानाचे ऐका.