कॅनडातून हिवाळ्यासाठी भारतात येताना आरोग्य विमा कसा निवडावा

टोरांटो परिसरात स्थायिक झालेली अनेक मराठी मंडळी निवृत्तीनंतर दिवाळीच्या सुमारास पुण्या-मुंबईला येतात आणि तिकडचा बर्फ सरला की परत जातात. कॅनडातले इतर निवृत्त लोक याच काळात फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाला मुक्काम हलवतात, आणि प्रवासी आरोग्य पॉलिसींची जाहिरात बहुधा त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. त्यामुळे पन्नास लाख किंवा एक कोटी डॉलरच्या संरक्षणाचे आकडे ठळक छापलेले दिसतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले पाहता तिथे त्या आकड्यांना अर्थ आहे. पुण्यातल्या खासगी रुग्णालयातला खर्च त्या मानाने कितीतरी कमी असल्याने रक्कम अपुरी पडण्याची भीती फारशी नसते. भीती असते ती क्लेम नाकारला जाण्याची. म्हणून पॉलिसी निवडताना संरक्षणाचा आकडा आणि हप्ता यांच्या आधी अटी वाचाव्यात.

पहिली तपासणी मात्र पॉलिसीची नसून सरकारी आरोग्य कार्डाची करावी. टोरांटो ज्यात येते त्या ऑन्टारियो प्रांताचा सरकारी आरोग्य विमा, म्हणजे ओहिप, चालू राहण्यासाठी कोणत्याही 12 महिन्यांच्या काळात किमान 153 दिवस प्रांतात राहावे लागते, म्हणजे बाहेर राहण्याची मुभा 212 दिवसांची. क्युबेकची मर्यादा याहून कडक आहे, तर ब्रिटिश कोलंबियात सुट्टीसाठी सात महिन्यांपर्यंत बाहेर राहता येते. हे दिवस फक्त भारतातल्या मुक्कामाचे नसतात. उन्हाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला काढलेले आठवडेही त्यांत धरले जातात. बहुतेक प्रवासी पॉलिसी सरकारी विमा चालू असल्याच्या अटीवरच दिलेल्या असतात, त्यामुळे कार्डाची मुदत किंवा पात्रता संपली असेल तर भरलेला हप्ता वाया जाऊ शकतो.

ओहिप परदेशात काहीच देत नाही असे नाही, पण जे देते त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास आयसीयूसारख्या वरच्या दर्जाच्या उपचारांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 400 कॅनेडियन डॉलर, साध्या खोलीसाठी 200 आणि बाह्यरुग्ण विभागासाठी 50 डॉलर मिळतात. 200 डॉलर म्हणजे साधारण बारा-तेरा हजार रुपये. अँजिओप्लास्टी किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेचे बिल यातून भागणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची अट पाहू. पूर्वीपासून असलेला आजार, मग तो रक्तदाब असो, मधुमेह असो वा हृदयविकार, प्रस्थानापूर्वीच्या ठरावीक काळात ‘स्थिर’ असला तरच त्यातून उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांचा खर्च मिळतो. हा काळ पॉलिसीनुसार 90, 180 किंवा 365 दिवसांचा असतो, आणि वय वाढेल तसा तो अनेकदा लांबतो. येथे ‘स्थिर’ म्हणजे ‘तब्येत ठणठणीत’ नव्हे. समजा, नोव्हेंबरच्या मध्याला विमान आहे आणि ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी बीपीची 5 मिलिग्रॅमची गोळी 10 मिलिग्रॅमची केली. औषधाने रक्तदाब उत्तम आटोक्यात आला तरी विमा कंपनीच्या हिशेबी तो आजार आता अस्थिर ठरतो. कित्येक पॉलिसींत डोस कमी करणे हाही बदलच मानला जातो, आणि सांगितलेली पण अद्याप न झालेली तपासणीही स्थैर्याच्या आड येते. त्याच डोसच्या ब्रँडेड गोळीऐवजी जेनेरिक गोळी घेणे बहुधा चालते. तरीही पॉलिसीतली व्याख्या शब्दशः वाचावी. यावरून निघणारा व्यवहार सोपा आहे: वार्षिक तपासणी आणि औषधांतले संभाव्य बदल शक्यतो उन्हाळ्यातच उरकून घ्यावेत. प्रवासासाठी उपचार मात्र पुढे ढकलू नयेत. बदल करावाच लागला तर कंपनीला ताबडतोब कळवावे आणि कमी काळाच्या अटीची पॉलिसी, थोडा अधिक हप्ता भरून का होईना, मिळते का ते पाहावे.

आरोग्याची प्रश्नावली हा पुढचा धोका. ‘गेल्या पाच वर्षांत अमुक विकारासाठी औषध घेतले आहे काय’ अशा प्रश्नाला, चहा घेता घेता मुलाने फोनवर भरलेले ‘नाही’ हे उत्तर पुढे फार महागात पडू शकते, कारण चुकीच्या माहितीवर घेतलेली पॉलिसी कंपनी पूर्णपणे रद्द करू शकते, आणि मग पाय मोडल्याचा क्लेमसुद्धा न सांगितलेल्या मधुमेहापायी बुडतो. औषधांच्या दुकानातून गोळ्यांची छापील यादी घ्यावी, ती घेऊन कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जावे आणि एकेक उत्तर त्यांच्याकडून पडताळून मगच सही करावी.

वर्षभराची अनेक-प्रवास पॉलिसी स्वस्त दिसते, पण तिच्यात प्रत्येक प्रवासाला 15, 30 किंवा 60 अशी दिवसांची मर्यादा असते. चार-पाच महिन्यांच्या मुक्कामाला एकाच प्रवासाची, जाण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंतची पॉलिसी सरळ पडते. क्रेडिट कार्डावरचा विमा 65 वर्षांनंतर बहुधा अगदी थोड्या दिवसांचा उरतो. अमेरिका वगळलेली पॉलिसी घेतल्यास हप्ता कमी होतो. मात्र वाटेत अमेरिकेतल्या नेवार्कला चार दिवस थांबणार असाल तर ती घेऊ नका. हप्ता कमी करण्याचा माझ्या मते अधिक शहाणा मार्ग म्हणजे मोठे डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, स्वीकारणे. भारतात ताप-खोकल्याचा खर्च खिशातून झेपतो. विमा मोठ्या संकटासाठी ठेवावा.

मोतीबिंदू, गुडघेबदल, दातांचे इम्प्लांट अशी ठरवून केलेली कामे या पॉलिसीत बसत नाहीत. शिवाय प्रकृती प्रवासाजोगी झाली, असे कंपनीच्या डॉक्टरांचे मत पडले, तर कंपनी रुग्णाला उरलेल्या उपचारांसाठी कॅनडाला परत नेऊ शकते. त्याला नकार दिल्यास पुढचा खर्च बंद होतो. मृत्यू ओढवल्यास मृतदेह कॅनडाला परत नेण्याच्या आणि मृत्यू झाला तिथेच अंत्यसंस्कार करण्याच्या खर्चाची मर्यादा वेगवेगळी असते. घरात हा विषय काढणे जड जाते, पण ते कलम प्रवासाला निघण्यापूर्वीच वाचलेले बरे.

दाखल व्हायची वेळ आली तर उपचारांपूर्वी, किंवा ते शक्य नसल्यास लवकरात लवकर, कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन करावा. तसे न केल्यास भरपाईत कपात होऊ शकते. तो क्रमांक भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्याही फोनमध्ये असावा. आपल्याकडे परदेशी पॉलिसीवर कॅशलेस सोय गृहीत धरू नये, कारण रुग्णालय आधी अनामत मागते. तेवढी रक्कम इथल्या खात्यात ठेवावी आणि डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल व पैसे भरल्याच्या पावत्या मूळ स्वरूपात जपाव्यात. मुक्काम लांबणार असेल तर मुदतवाढ पॉलिसी संपण्यापूर्वीच मागावी. मध्ये एखादा क्लेम झालेला असल्यास ती नाकारली जाऊ शकते.

अमेरिकेतून येणाऱ्यांचे गणित थोडे निराळे आहे. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सहसा देशाबाहेर खर्च देत नाही. मेडिकेअरला जोड म्हणून घेतल्या जाणाऱ्या खासगी मेडिगॅप योजनांपैकी काही 250 डॉलरनंतरचा 80 टक्के तातडीचा खर्च देतात, पण प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांपुरताच आणि आयुष्यभरात एकूण 50,000 डॉलरपर्यंत. डिसेंबरात आलेल्या माणसाला मार्चमध्ये त्यांचा उपयोग नाही.

दर हिवाळ्याला येणाऱ्यांनी भारतीय पॉलिसीचाही विचार करावा. अनेक भारतीय कंपन्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारकांना आरोग्य विमा देतात आणि 2024 पासून विमा नियामकाने 65 वर्षांच्या प्रवेशवयाची अटही काढली आहे. कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयांत कॅशलेस सोय मिळते आणि मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियाही प्रतीक्षाकाळानंतर बसतात. उलट बाजूला, हप्ता पूर्ण वर्षाचा भरावा लागतो, कॅनडाला परत नेण्याची सोय त्यात नसते, आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ 36 महिन्यांपर्यंत असू शकतो. तो संपेपर्यंत कॅनडातली प्रवासी पॉलिसी दरवर्षी घेत राहावी.