एलईडी दिवा घरी बनवताय? आधी ड्रायव्हर ठरवा

पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सामान घ्यायला गेलं की हात आधी बॅटरीकडे जातो. पण सुरुवात एलईडीपासून करा. त्याला करंट मोजूनच द्यावा लागतो, आणि ते काम करणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर. एक वॉटचा पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्टला ३०० ते ३५० मिलीअँपिअर घेतो.

माझ्या पहिल्या दिव्यात १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडलेले तीन एलईडी आणि करंट आवरायला ड्रायव्हरऐवजी नुसता १० ओहमचा रेझिस्टर होता. बॅटरी १२.६ व्होल्टवर असताना करंट बरोबर ३०० मिलीअँपिअर. मग एकदा चार्जिंग चालू असतानाच दिवा लावून ठेवला. व्होल्टेज १४.४ वर गेलं, करंट साडेचारशेच्या आसपास, आणि थोड्याच दिवसांत मधला एलईडी निळसर पडून मंदावला. तेव्हापासून मी ३०० मिलीअँपिअरचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच लावतो, म्हणजे व्होल्टेज बदललं तरी करंट तेवढाच ठेवणारा. तुम्हीही तोच घ्या, तिथे पैसे वाचवू नका. त्याची इनपुट रेंज मात्र आपल्या बॅटरीशी जुळते का, ते दुकानातच विचारा.

लिथियमचा १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) घेताना त्यावर क्षमता ९९०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) छापलेली दिसली तर तो सरळ परत ठेवा. या आकाराचा चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो आणि ४५ ग्रॅमच्या पुढेमागे भरतो. खोटा बऱ्याचदा हातालाच हलका लागतो. जास्त चार्ज किंवा डिस्चार्ज होण्यापासून सेलला वाचवणारं प्रोटेक्शन सर्किट हवंच. लिथियम आयर्न फॉस्फेट हा वेगळा प्रकार, त्याचा सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो, त्याला साध्या लिथियम-आयन सेलचा ४.२ व्होल्टचा चार्जर कधीही लावू नका.

उष्णता बाहेर जायला एलईडीखाली ॲल्युमिनियमची पट्टी, मध्ये हीटसिंक पेस्टचा पातळ थर. दहा मिनिटांनी पट्टीवर बोट टेकवून बघा. ठेववत नसेल तर मोठी पट्टी घ्या.