टोळीची गुप्त भाषा लिहिताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची धावपळ सुरू होते आणि माझ्याकडे नव्या लेखकांच्या वह्या येतात. बहुतेक वह्यांत एक टोळी असतेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, त्यामुळं दारूची टोळी आयतीच सापडते. टोळी आली की तिची गुप्त भाषा आली, आणि तिथंच सगळे घसरतात.

पहिली चूक, जिचा मला आता वीट आलाय: महिना न पाहता सांकेतिक वाक्य लिहिणं. एकदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री प्रयोग होता. ऐन पौषातली थंडी, नाटकातही थंडीच. टोळीचा म्होरक्या फोनवर म्हणतो, ‘‘तेंदूपत्ता फळीवर आला, उचला.’’ तेंदूपत्ता म्हणजे विडीची पानं, फळी म्हणजे ती जमा करायची जागा; टोळीच्या भाषेत अर्थ असा, की दारूची गाडी नाल्याशी आली. मागून एक बुढा ओरडला, ‘‘अबे, पुसात कायचा तेंदूपत्ता बे!’’ मंडप लोटपोट. पुढं खून पडला तरी लोक हसतच होते. लेखकमहाशय नंतर मला म्हणतात, पब्लिकला कोड झेपला नाही. अरे बाबा, समोरची निम्मी माणसं मे महिन्यात पहाटे उठून पानं तोडतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. फोन चोरून ऐकणाऱ्या हवालदारालाही अशा वाक्याचा संशय येईल, मग ते गुप्त कसलं?

मी प्रत्येक प्रवेशाच्या डोक्यावर आधी महिना लिहितो. होळीच्या सुमारास मोह, मेमध्ये तेंदू, आषाढात धानाची रोवणी, दिवाळीच्या पुढंमागं धानकापणी. त्या महिन्यात पानठेल्यावर जे बोलणं चालतं, तेच टोळीच्या तोंडी घालतो. ‘‘बांधीत (भातखाचरात) पाणी भरलं’’ हे आषाढात कुणाच्या कानाला खटकत नाही. ‘ब्लॅक कोब्रा’, ‘माल’, ‘पार्सल’ वगैरे मुंबईवाल्यांना ठेवू द्या.

दुसरी चूक हुशार पोरांची. ही पोरं अंकपल्लवी, म्हणजे अक्षरांऐवजी आकडे वापरायची सांकेतिक रीत, कुठंतरी वाचतात आणि तिच्या प्रेमात पडतात. आधी वर्गाचा आकडा, मग वर्गातल्या अक्षराचा, मग बाराखडीतला. क-वर्ग पहिला धरला तर ‘धाड’ म्हणजे ४-४-२, ३-३-१. कागदावर झकास! पण रात्री दोन वाजता नट ते आकडे बोलतो तेव्हा त्याला स्वतःला कळत नाहीत, पब्लिकला तर नाहीच, आणि प्रॉम्प्टर मला शिव्या घालतो. अक्षरं एकेक घर पुढं सरकवणारेही भेटतात: ‘धाड’चं ‘नाढ’. काना जागचा हलतच नाही. च-च्या भाषेत बोलणारी शाळेतली पोरंही दोन मिनिटांत ओळखतील. एवढीच हौस असेल तर चिठ्ठीत वापरा, आणि ती चिठ्ठी कुणाला तरी वाचून दाखवायला लावा.

त्यापेक्षा बैलबाजार पाहून या. दलाल दुपट्ट्याखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरतो, वर गप्पा मात्र पावसाच्या. मंचावर हे दाखवलं की शेवटच्या रांगेलाही कळतं की सौदा चाललाय. किती रुपयांचा, ते कळायची गरजच नाही.

बाकीच्या चुका झटपट सांगतो. सगळी टोळी चहा पितानाही कोडमध्ये बोलते, नको. तीनपेक्षा जास्त सांकेतिक शब्द, नको. शब्द आला की लगेच दुसऱ्या पात्रानं अर्थ सांगायचा, हा तर आळस. पहिल्यांदा नुसतं वाक्य येऊ द्या आणि मागोमाग गाडी हलू द्या, लोक जोडून घेतात. रिद्धपूरच्या महानुभावांची सांकेतिक सकळ लिपी दरोडेखोरांच्या हाती देऊ नका. ती पंथाचे ग्रंथ जपण्यासाठी होती, आणि आपल्याकडं मंडपात महानुभावी माणसं बसलेली असतात.

आणि इन्स्पेक्टरनं कागदाकडं एकदा पाहून कोड फोडायचा हा प्रकार बंद करा. इंग्रज अधिकारी स्लीमननं ठगांच्या रामसी या गुप्त भाषेचा कोश १८३६ मध्ये छापला, तो माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडूनच शब्द गोळा करून. तुमच्या नाटकातही टोळीतला एखादा नाराज गडी फुटू द्या. त्याला बायको द्या, कर्ज द्या, दुसऱ्या अंकात त्याचा हिस्सा कापा. एवढं लिहायला आठवडा जातो म्हणून कुरकुरणाऱ्यांच्या वह्या मी तशाच परत पाठवतो.