जुनी मोटरसायकल विकायची आहे? खोडी आधी सांगा, भाव नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. वैरण आणायला, दुधाचे कॅन टाकायला, उद्यमबागेत ड्युटीला जायला चालू गाडी हवीच असते. बिनसतं ते दुसरीकडेच. फोनवर ‘एकदम झकास कंडिशन’ सांगितलेलं असतं आणि समोर टाकीखाली गंज दिसतो. मग गिऱ्हाईक न दिसलेल्या खोडींचेही पैसे कापून मागतो.

कागद आधी काढा. आर.सी., चालू विमा, पीयूसी. आर.सी.ची १५ वर्षं संपली असतील तर नूतनीकरण आधी करून घ्या. कर्ज फिटलं तरी आर.सी.वर बँकेचं नाव राहतंच. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ते काढावं लागतं. परिवहन संकेतस्थळावर थकलेले दंड बघा आणि तिथे नोंदलेला मोबाईल नंबर अजून तुमच्याकडे आहे का तेही तपासा. ओटीपी त्याच नंबरावर येतो आणि काम तिथेच अडतं.

गाडी धुवा, रंगवू नका. ताजा रंग दिसला की गाडी ठोकलेली असणार, असा संशय येतोच. ब्रेक, लाइट, हॉर्न आणि चेनचा ताण एवढं मिस्त्रीकडून नीट करून घ्या. इंजिन खोलून मोठा खर्च करू नका, तो भावात वसूल होत नाही.

खोडींची यादी लिहा. खानापूरकडच्या पावसात राहिलेल्या गाडीचा सायलेन्सर खालून, जोडाजवळ गंजतो. तिथला जवळून फोटो काढा. चेन-स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झालेत का, क्लच सुटतो का, पुढच्या शॉकअपमधून तेल गळतं का, टायर किती उरलाय, सगळं लिहा. थंड इंजिन चालू करताना सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, तेही लिहा. सोबत काय बदललंय त्याची बिलं जोडा. किलोमीटर जेवढे झाले तेवढेच सांगा, मीटर बंद असेल तर बंद म्हणा.

भाव. त्याच मॉडेलच्या, साधारण त्याच वर्षाच्या तीन-चार गाड्या आसपास कितीला मागताहेत ते बघा. यादीतल्या दुरुस्तीचा खर्च मिस्त्रीला विचारून त्यातून वजा करा. घासाघीस होणारच, थोडी जागा ठेवा.

गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवू नका. जाणता माणूस आल्या आल्या इंजिनवर हात ठेवून बघतो. गरम लागलं की ‘इंजिन थंड असलं की गाडी चालू होत नाही वाटतं’ असा त्याचा अंदाज. चालवायला देताना त्याचं लायसन्स बघा आणि मागे बसून जा.

पैशाबाबत एक खबरदारी. ‘मी मिलिटरीत आहे, गाडी न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो’ असा फोन येतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात अशा माणसावर पटकन विश्वास बसतो, हेच त्या ठगाला माहीत असतं. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

नाव बदली. सर्वांत जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. गिऱ्हाईक कर्नाटकातलंच असेल तर फॉर्म २९ आणि ३०. तुम्ही आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं. महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा गडहिंग्लजचं असेल तर तुमच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला काढून द्यावा लागतो आणि गाडी एमएच-०९ कडे, म्हणजे कोल्हापूर आरटीओकडे जाते. तिकडचा रोड टॅक्स नव्या मालकाला भरावा लागतो, म्हणून भाव ठरवतानाच तो विषय काढा. नाहीतर नवा मालक तुमच्या केए-२२ (बेळगाव) नंबरावरच वर्षानुवर्षं फिरेल.

तारीख, नावं रिकामी ठेवून सह्या करून देऊ नका. विक्रीनंतर नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निकाल दिला आहे. विक्रीपत्रावर तारखेसोबत गाडी ताब्यात दिल्याची वेळही लिहा, आधारची प्रत घ्या, विमा कंपनीला कळवा. आणि नाव बदललं का ते संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघा; ‘झालं की हो’ या उत्तरावर विसंबू नका.