महामार्गावर काम सुरू असताना वेगमर्यादेबाबत या चुका टाळा

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत सुरू असल्याने ‘काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा’ हा फलक कोकणात जाणाऱ्या चालकांच्या अंगवळणी पडला आहे, आणि पहिली चूक नेमकी त्यातूनच होते. फलक दिसला तरी वेग कमी होतो तो पुढचे बॅरिकेड किंवा रबरी कोन नजरेस पडल्यावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार ताशी ८० किलोमीटर वेगातील वाहन थांबवण्यासाठी सुमारे १२० मीटर अंतर हाताशी असावे लागते. ४० च्या वेगाला ४५ मीटर पुरतात. रात्री दिवे डिमवर असताना धुळीने माखलेला कोन १२० मीटरवरून बहुधा दिसतच नाही. म्हणून वेग फलकापाशीच उतरवावा.

दुसरी चूक वेग अंदाजाने ठरवण्याची. बराच वेळ १०० च्या वेगाने आल्यावर ६० चा वेगही रेंगाळल्यासारखा वाटतो. अशा वेळी मनावर नव्हे, स्पीडोमीटरवर विसंबावे. मागून ट्रक अगदी जवळ आला असेल, तर ब्रेक लवकर आणि हलका दाबावा, म्हणजे मागच्याला दिवा वेळेत दिसतो.

कामगार दिसत नाहीत म्हणून मर्यादा लागू नाही, ही समजूत सर्वांत घातक आहे. डांबराचा थर खरवडल्यामुळे दोन लेनच्या उंचीत पडलेला फरक आणि कडेला सांडलेली खडी रात्रीही तिथेच असते, आणि दुचाकीस्वाराला तोल जाण्यासाठी तेवढे पुरते. शिवाय एक बाजू बंद असताना दोन्ही दिशांची वाहतूक दुसऱ्या बाजूवरून, मध्ये दुभाजक नसताना, समोरासमोर चालते. डायव्हर्जन संपले असे समजून ओव्हरटेक करणारा चालक समोरून येणाऱ्या वाहनाच्याच लेनमध्ये शिरतो.

मात्र सगळा दोष चालकाच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. काम आटोपून यंत्रे हलली तरी ‘३०’ चा फलक तसाच उभा राहिला, तर मोकळ्या रस्त्यावर तो खोटा ठरतो आणि पुढच्या खऱ्या धोक्याच्या ठिकाणीही त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मर्यादा पाळली जात नसेल, तर ठेकेदाराने आधी स्वतःचे फलक तपासावेत: ते उभ्या डंपरमागे झाकले गेले आहेत का, मर्यादा १०० वरून एकदम ३० वर आणली आहे की टप्प्याटप्प्याने, आणि मर्यादा संपल्याचा फलक लावला आहे का. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार वेग मोडणाऱ्या हलक्या वाहनाच्या चालकाला १,००० ते २,००० रुपये दंड होतो, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या बांधकामातील व देखभालीतील सुरक्षा मानके न पाळल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणास अपंगत्व आले, तर जबाबदार ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.